शुक्रवारी प्रागला निघण्याआधी

कपडे, ब्रश, चार्जर, छत्री हे मी सांगायला नको. दोन रात्रींचं सामान कुणालाही भरता येतं. मला मुख्यतः पासपोर्टाबद्दल बोलायचं आहे, बाकीचं ओघात येईल. जर्मनीतल्या लाइपझिगला येऊन मला पाच वर्षं झाली. विद्यापीठात हिंदी शिकवते, जमेल तेव्हा शनिवार-रविवार जोडून आसपासची शहरं बघून येते. इतका सराव असूनही गेल्या नोव्हेंबरात चेक प्रजासत्ताकातल्या प्रागहून परतताना माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. त्यापायी सोमवारी सकाळी साडेसातच्या तासाला माझे नऊ विद्यार्थी कुलूपबंद वर्गाबाहेर ताटकळत उभे राहिले. त्या दिवशी त्यांची तोंडी परीक्षा होती. एक मुलगी तेवढ्यासाठी पहाटे चारला उठून आईवडिलांच्या गावाहून गाडीने आली होती. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तर पासपोर्ट. इथे नव्याने शिकवायला आलेल्या बहुतेकांची समजूत असते की जर्मनीचं रहिवासी कार्ड पाकिटात आहे म्हणजे झालं. तसं नाही. कार्ड आणि पासपोर्ट मिळून एक कागद होतो असं समजा. शेंगेन देशांपैकी, म्हणजे आपसातल्या सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांपैकी, एकाचा रहिवासी परवाना असेल तर बाकीच्या देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण सोबत वैध पासपोर्ट हवा, ही त्यातली अटच आहे. कार्ड सांगतं तुम्हाला राहायची परवानगी आहे, तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात याचा प्रवासी दस्तऐवज पासपोर्टच. कार्डाबरोबर हिरव्या कागदाची एक घडी मिळते, अटी लिहिलेली. तीही पासपोर्टात घालून ठेवा. ज्यांना अजून कार्ड मिळालेलं नाही त्यांचा तर व्हिसाच पासपोर्टात चिकटवलेला असतो, त्यांना वेगळं सांगायला नको. आणि ज्यांच्या कार्डाची मुदत संपून नूतनीकरण अडकलं आहे, हातात फक्त तात्पुरता दाखला आहे, त्यांनी आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नये. त्या दाखल्याचे प्रकार असतात, एकावर परत येता येतं, दुसऱ्यावर येत नाही. अर्ज मिळाल्याची ईमेल म्हणजे दाखला नव्हे.

‘पण शेंगेनमध्ये सीमाच नाहीत ना?’ हे मीही म्हणायचे. चेक प्रजासत्ताक २१ डिसेंबर २००७ ला शेंगेनमध्ये आलं आणि गाडी न थांबता पलीकडे जायला लागली, हे खरं. पण जर्मनीने १६ ऑक्टोबर २०२३ पासून चेक, पोलंड आणि स्वित्झर्लंडच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, ऑस्ट्रियाच्या सीमेवर ती २०१५ पासून होतीच, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर आली. प्रत्येक गाडीत पोलीस चढतात असं नाही. याआधी तीनदा गेले तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणूनच माणूस बेफिकीर होतो.

जाताना सहसा तपासणी नसते, येताना असू शकते, हे लक्षात ठेवा. म्हणजे चूक शुक्रवारी करायची आणि ती उघडी पडायची रविवारी रात्री, जेव्हा घर दोन तासांवर असतं आणि हातात काही उरलेलं नसतं.

माझं काय झालं ते सांगते. गुरुवारी कराराच्या मुदतवाढीसाठी पासपोर्टाची पानं स्कॅन करायची होती. विभागातल्या यंत्रावर केली, कागद उचलले, पासपोर्ट झाकणाखाली राहिला. तो एरवी कायम माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात असतो, त्यामुळे तो तिथेच आहे असं मी धरून चालले. प्रागमध्ये मैत्रिणीकडे उतरले. हॉटेलात उतरले असते तर परदेशी पाहुण्यांची नोंद करायची म्हणून त्यांनी पासपोर्ट मागितला असता आणि शुक्रवारीच सगळं कळलं असतं. रविवारी रात्री सीमेलगतच्या, जर्मन बाजूच्या बाड शांडाउ स्टेशनात दोन पोलीस डब्यात आले. मी निवांतपणे कप्प्यात हात घातला. कप्प्यात जुनी ट्रामची तिकिटं होती. कार्ड दाखवलं. त्यांनी फोनमधला पासपोर्टाचा फोटोही पाहिला, पण फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे. खाली उतरावं लागलं. ते सभ्यपणे वागले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ओळख पटवून सोडलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ड्रेस्डेनपर्यंत पोचले, पुढची गाडी पहाटेची. स्टेशनवरच्या बाकावर बसून मी मोबाइलमध्ये एका तरी सहकाऱ्याचा नंबर सापडतो का बघत होते. सगळ्यांचे फक्त ईमेल पत्ते होते.

म्हणून पासपोर्ट ‘असेल’ असं म्हणू नका. शुक्रवारी दुपारी, घराचं दार ओढून घेण्याआधी, तो हातात घ्या. उघडा. स्वतःचा फोटो बघा, मुदत बघा, बंद करा आणि मग ठेवा. नुसतं बाहेरून कप्पा चाचपून चालणार नाही, माझ्या कप्प्यातही काहीतरी जाड लागतच होतं. नवराबायको जात असाल तर ‘तुझ्याकडे आहे ना?’ ‘हो’ यावर विश्वास ठेवू नका, दोघांनी दोन्ही पासपोर्ट डोळ्यांनी बघा. मुलांचेही.

आता शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी प्रवासाच्या याद्यांत कुणी लिहीत नाही. सोमवारचा तास शुक्रवारी तयार करून जा. छायाप्रती काढून टेबलावर ठेवा, फळ्यावर काय लिहायचं ते कागदावर असू द्या. ‘परतीच्या गाडीत बघू’ हे होत नाही. आणि सोमवारी तुम्ही पोचला नाहीत तर वर्गाला कोण सांगणार, हे आधी ठरवा. एका सहकाऱ्याचा फोन नंबर, ईमेल नव्हे, फोन नंबर, कागदावर लिहून जवळ ठेवा. मी आता आमच्या विभागातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना निघताना सांगूनच जाते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासायला म्हणून बरोबर नेऊ नका, कृपा करून नेऊ नका. पिशवी हरवली तर तुमचे कपडे परत घेता येतील, मुलांनी लिहिलेलं परत मिळत नाही.

तिकीट. लाइपझिग ते ड्रेस्डेन प्रादेशिक गाडीने दीड तासाच्या आसपास लागतं आणि त्याला महिन्याचं डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्यांचा पास, चालतं. ड्रेस्डेनहून प्रागची युरोसिटी ही देशादेशांमधली लांब पल्ल्याची गाडी वेगळी, तिला ते चालत नाही, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तिथे एक खाच आहे. ठरावीक गाडीलाच बांधलेलं स्वस्त तिकीट काढलंत, आणि ड्रेस्डेनला पोचायची गाडी उशिरा आली, तर ही वेगवेगळी तिकिटं असल्यामुळे दुसरं वाया जाऊ शकतं. एक तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर ड्रेस्डेनला तासभर मोकळा ठेवा. एका तिकिटावर असाल आणि तासाभराहून जास्त उशीर झाला तर युरोपीय नियमांनुसार सहसा पाव भाडं परत मिळतं, दोन तासांहून जास्त झाला तर अर्धं. तिकीट पुसून टाकू नका. शुक्रवारी दुपारी आसन राखून ठेवा, नाहीतर दारापाशी सामानावर बसून जावं लागेल.

दिवसा जमत असेल तर दिवसा जा, आणि जाताना डाव्या खिडकीशी बसा. ड्रेस्डेन सोडलं की गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, वालुकाश्माचे उभे कडे अगदी पाण्यापर्यंत उतरलेले दिसतात. सीमा ओलांडली की त्याच नदीचं नाव लाबे होतं. इतका सुंदर रेल्वेमार्ग या भागात मला दुसरा माहीत नाही. नोव्हेंबरात शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर मात्र यातलं काही दिसणार नाही, डिसेंबरात तर चारच्या सुमारास अंधार पडतो.

पैसे. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण चलन कोरुना. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. यंत्राने ‘युरोत आकारू की कोरुनात’ असं विचारलं तर कोरुनाच म्हणा, युरो म्हटलंत की यंत्रवाल्याचा दर लागतो आणि तो वाईट असतो. रस्त्यावर कुणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूही नका. दुकानात बदललेत आणि दर पाहून फसल्यासारखं वाटलं, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, हजार युरोंपर्यंत. तसा कायदाच आहे तिथे, २०१९ पासून.

फोनला वेगळं काही लागत नाही, युरोपीय संघात २०१७ पासून रोमिंगचा जादा भार नाही. (स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत, तिकडे जाल तेव्हा बघा.) आरोग्य विम्याचं कार्ड घ्या, सरकारी विमा असेल तर त्याच्या मागच्या बाजूला युरोपीय कार्ड छापलेलंच असतं. नेहमीची औषधं घ्या. रविवारी औषधाचं उघडं दुकान शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

शाकाहारी असाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्याच. तिथे मिळणारं शाकाहारी म्हणजे बहुधा तळलेलं चीज आणि बटाटे. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. ऐकायला उलटं वाटतं, पण ‘मासो’ म्हणजे मांस, आपला मासा नव्हे. ‘स्विच्कोवा’ नावाचा पदार्थ सगळे सुचवतात, तो गोमांसाचा असतो. फळं भरलेले ‘क्नेडलीकी’ (पिठाचे उकडलेले गोळे) गोड असतात, ते खा, मला फार आवडतात.

बूट जुने, पायाला सरावलेले. जुन्या भागातले बहुतेक रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत.

काय बघायचं याच्या याद्या हव्या तितक्या आहेत, मी फक्त वारांचं सांगते, कारण शनिवार-रविवारीच जाणाऱ्यांचं तिथे चुकतं. ज्यू वस्तीतली संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असते. ती रविवारी सकाळी बघा. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या ज्यूंची सुमारे ७८ हजार नावं हाताने लिहिलेली आहेत. तिथे घाईने जाऊ नका, एक तास तरी द्या. शनिवारी पहाटे उजाडता उजाडता चार्ल्स पूल. १३५७ साली बांधायला घेतलेला, पाचशे सोळा मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. नऊनंतर तिथे फक्त माणसांच्या पाठी दिसतात. जुन्या चौकातलं १४१० सालचं घड्याळ दर तासाला बघण्यासारखं, पण सगळे माना वर करून उभे असतात आणि खिसेकापूंना तेच हवं असतं. २२ नंबरच्या ट्राममध्येही तेच. म्हणून पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत नको, कपड्यांच्या आत, अंगाला लागून हवा. हरवला तर पोलिसांत तक्रार द्या आणि सोमवारची वाट बघा, वकिलात शनिवार-रविवार बंद असते.

ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट घेतलं की पिवळ्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर ते विनातिकीट धरतात. वेळ उरला तर देयवित्से भागात ‘ठाकुरोवा’ हा रस्ता आहे, रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा. ते १९२१ आणि १९२६ साली प्रागला येऊन गेले होते. परक्या शहरात पाटीवर ते नाव वाचून माझे डोळे भरून आले होते.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात जात असाल तर परतीची वेळ दोनदा बघा.

निघण्याआधी घरात दूध, पाव, भाजी भरून ठेवा, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. फार तर मोठ्या स्टेशनांवरची एखाद-दोन उघडी. परतीची गाडी शेवटची धरू नका, तिच्या आधीची धरा. फोनची बॅटरी भरलेली असू द्या, तिकीट फोनमध्येच असतं. प्रागहून निघताना हे विसरू नका: मैत्रिणीच्या फ्रिजमधला डबा. चार्जर. पासपोर्ट, पुन्हा उघडून, फोटो बघून. सीमेआधीचं चेक बाजूचं डेचीन स्टेशन गेलं की तो काढून कार्डासकट हातात धरून बसा, बाड शांडाउ जवळ आलेलं असतं.