साताऱ्यात आलात? सेडान बदलण्याआधी घाट चढून बघा

विदर्भातून नोकरीसाठी साताऱ्यात येऊन मला आता बरीच वर्षं झाली. आपल्याकडची मंडळी एमआयडीसीत, बँकांत, कॉलेजांत रुजू होतात, गोडोलीत किंवा शाहूपुरीत घर बघतात आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी हमखास विचारतात, ‘‘भाऊ, नागपुरात मस्त पळणारी गाडी इथे ओढत का नाही?’’ लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘‘बदलून टाकू का?’’

बदला, पण घाईने नको. निदान एक पावसाळा जुनीच गाडी चालवा. कारण आपल्याला गाडीकडून इथे नेमकं काय हवंय, ते सपाट रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला आधी कळतच नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे. इथून वाईला जाऊन पसरणी घाट चढलात की पाचगणीला तुम्ही साधारण १३०० मीटरवर असता. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. त्यात चढ, चालू एसी, मागे आई-बाबा आणि डिकीत सामान. म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड काही नाही, तिच्यावरचं काम वाढलंय.

माझी पहिली सेडान १.२ लिटर पेट्रोलची, लांबीला चार मीटरच्या आतली होती. शहरात तिच्यासारखी गुणी गाडी नाही. पण येवतेश्वर घाटातल्या बंद (हेअरपिन) वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा १३००-१४०० वर आला की इंजिन धडधडायचं आणि पहिला टाकल्याशिवाय गाडी उचलायची नाही. मग पहिल्यात इंजिन ओरडायचं, दुसरा टाकला की पुन्हा दम तोडायचं. तेव्हा समजलं की शोरूमवाला सांगतो ती हॉर्सपॉवर इथे दुय्यम आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर, किती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो किती आरपीएमला मिळतो, हे विचारायचं.

आकडेच बघा. होंडा सिटीचं १.५ लिटर साधं पेट्रोल इंजिन १४५ न्यूटन मीटर टॉर्क देतं, पण तो पूर्ण मिळतो ४३०० आरपीएमला. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं १.० लिटर टर्बो इंजिन त्याहून लहान, तरी १७८ देतं आणि तेही १७५० च्या आसपासपासूनच. याच दोन गाड्यांमधलं १.५ टर्बो २५० देतं, ह्युंदाई व्हर्नाचं १.५ टर्बो २५३. सिटीचं इंजिन वाईट नाही, हायवेवर फार गोड चालतं, फक्त घाटात त्याला सतत वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं. टर्बो हवा दाबून आत घेत असल्यामुळे उंचीचा फटकाही त्याला कमी बसतो. मात्र छोट्या टर्बोला १५०० च्या खाली जीव नसतो, तेव्हा वळणावर गिअर वेळेत उतरवण्याची सवय लावून घ्यावीच लागते.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊच नका. सेल्समन बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून सर्व्हिस रोडने फिरवून आणतो आणि ‘‘पिकअप बघा साहेब’’ म्हणतो. तुम्ही नम्रपणे सांगा, समर्थ मंदिराकडून येवतेश्वर चढायचा आहे, आणि चौघं बसून. एसी चालू ठेवा. एका बंद वळणाच्या पुढे, जागा बघून, पूर्ण थांबा आणि चढावर पुन्हा गाडी उचला. क्लच किती वेळ अर्धवट दाबून ठेवावा लागतो तिकडे लक्ष द्या. येताना ब्रेकवर नाही, दुसऱ्या गिअरवर उतरा आणि इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते बघा. चांगल्या परफॉर्मन्समध्ये माझ्या लेखी हेही येतं. पावसाळ्यात धुक्यात उतरताना ब्रेक गरम झाले तर १५० हॉर्सपॉवर कामाला येत नाही. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. इथले एसटी ड्रायव्हर तो पाळतात, आपणही पाळावा.

दुसरी परीक्षा उसाच्या हंगामात. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की कोरेगाव, कराड, पुढे सांगलीपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. रात्री कित्येकांच्या मागे धड लाल दिवाही नसतो. अशा वेळी चाळीसवरून ऐंशीवर गाडी किती पटकन जाते, यावर ओव्हरटेक सुरक्षित होतो की नाही ते ठरतं. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा इथे फारसा उपयोगाचा नाही.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर एक भेद लक्षात घ्या. वर सांगितलेल्या गाड्यांत १.० टर्बोला साधा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा) येतो, १.५ टर्बोला ड्युअल क्लच (दोन क्लचचा गिअरबॉक्स). सुट्टीत महाबळेश्वरला जाताना पसरणीत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तिथे ड्युअल क्लचची गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली तर क्लच तापतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे जागा झाली की मगच सोडा.

आता व्यवहार. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या सेडानला ४० टक्के. म्हणजे एक पायरी वर जाताना फरक फक्त इंजिनाचा नाही. बजेट ऑन रोड किमतीवरच बांधा.

एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीची किंमत, एक्स्चेंज बोनस आणि नव्या गाडीवरची सूट, तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एकत्र सांगितले की किंमत कुठे कापली ते दिसत नाही. बाहेरच्या एक-दोन ठिकाणीही भाव काढा. जुन्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी घेऊन बोजा आधी उतरवा.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो ते आरसीबद्दल, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाबद्दल. गाडी दिली, चावी दिली, तरी आरसीवर नाव तुमचंच असेल तर अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितलं, नोंदणीकृत मालक तोच मालक. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ‘बघू, होईल’ म्हणून निघून येऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी ने आरटीओला कळवण्याची सोय आहे. डीलर अधिकृत आहे का ते विचारा आणि तो फॉर्म भरून घ्या. हस्तांतर झालेल्या आरसीची प्रत हातात येईपर्यंत फोन करत राहा.

विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा. शोरूममध्ये विचारल्याशिवाय बहुतेक कोणी सांगत नाही.

आणि ज्यांना वाटतं की आपली एमएच ३१ ची, म्हणजे नागपूरच्या नंबरची गाडी अजून चांगली आहे, त्यांनी ती खुशाल ठेवावी. राज्य तेच, त्यामुळे रोड टॅक्स पुन्हा भरायचा नाही आणि नंबरही बदलायचा नाही. फक्त आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा. जे गाडी देऊन टाकतील त्यांनी त्याच दिवशी फास्टॅग बंद करावा, नाहीतर आणेवाडीचा टोल दुसऱ्याच्या फेरीसाठी तुमच्या खात्यातून कापला जाईल.