ते ६० दिवस नेमके कधीपासून मोजायचे? बोर्डगेम छपाईत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

गेमचं डिझाइन झालं, पन्नास जणांकडून खेळवून घेतलं, चित्रं आली, किकस्टार्टर किंवा गेमफाउंड अशा, लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर पैसेही उभे राहिले. इथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर सोडलेली जादा छपाई) ३ मिलिमीटर का ठेवायचं, आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतली) फाइल छापायला का देऊ नये, हे कुठेही वाचायला मिळतं. मी लिहितेय त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. तेव्हा गेम तुमच्या हातात नसतो, पण जाहीर केलेली तारीख मात्र तुमच्याच नावावर लागलेली असते. एका छोट्या प्रकाशनात प्रॉडक्शन सांभाळायला लागून मला आता बराच काळ झाला, तरी कारखान्याचा मेल आला की उघडायच्या आधी पोटात गोळा येतोच.

सगळ्यात आधी कोटेशनमधली ती एक ओळ. ‘मास प्रॉडक्शन : ६० दिवस.’ कुणाची ४५ असते, मिनिएचर (प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती) असतील तर ९० किंवा त्याहून जास्त. नवखा माणूस फाइल्स पाठवल्याच्या तारखेपुढे ६० दिवस मोजतो, त्यात जहाजाचा महिना-सव्वा महिना मिळवतो, वर ‘असू दे हाताशी’ म्हणून आणखी एक महिना टाकतो आणि ती तारीख जगजाहीर करतो. आमच्याकडेही हिशेब असाच झाला होता.

ते दिवस फाइल पाठवल्यापासून सुरू होत नाहीत. सगळ्या घटकांना तुमची अंतिम मंजुरी गेली आणि आगाऊ रक्कम कारखान्याच्या खात्यात जमा झाली, की त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. बोर्ड, पत्ते, टोकन, फासे, खोका, आतला ट्रे, नियमपुस्तिका, यांतलं एक जरी लटकलेलं असेल तरी घड्याळ बंदच. आमच्याकडे लटकली ती नियमपुस्तिका. ‘ती शेवटी खोक्यात टाकायची असते, सावकाश देऊ’ असं आम्ही धरलं होतं. पण कागदावरचं सगळं काम कारखान्याला एकाच खेपेत छापायचं होतं आणि पुस्तिका नाही म्हणून खोक्याचा कागदही थांबला, बोर्डाचाही थांबला. एका उदाहरणातल्या चुकीच्या चित्रावर आमची चर्चा चालू होती आणि तिकडे अख्खा गेम उभा होता.

मंजुरीपर्यंतची साखळी किती लांब असते तेही कुणी नीट सांगत नाही. फाइल्स गेल्या की प्रीप्रेसवाले, म्हणजे छपाईआधीची तयारी करणारे, तपासतात आणि यादी पाठवतात: इथे ब्लीड कमी, ही डायलाइन (कापायची रेष) सरकली, हा फॉन्ट आउटलाइन केलेला (अक्षरांचे आकार केलेला) नाही. तुम्ही सुधारता, ते परत पाहतात. दोन-तीन फेऱ्या होतातच. मग डिजिटल प्रूफ. मापं बघायला कोरं पांढरं सॅम्पल. त्यानंतर पीपीसी, म्हणजे मोठी छपाई सुरू होण्याआधी बनवलेली नमुना प्रत. ती बनायला तीन-चार आठवडे, कुरिअरने यायला एक, तुम्ही तपासायला एक, आणि काही चुकलं तर त्या घटकासाठी पुन्हा तेच.

आता या ६० दिवसांच्या सापळ्याचा दुसरा भाग, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण खरं नुकसान इथे होतं. मंजुरीला एक आठवडा उशीर झाला तर गेम एक आठवडा उशिरा येईल असं वाटतं ना? तसं होत नाही. कारखान्यात मशीनवर तुमच्यासाठी जागा धरलेली असते. ती गेली की तिथे दुसऱ्याचं काम चढतं. पाच मिनिटांनी गाडी चुकली म्हणून पाच मिनिटं उशीर होत नाही, पुढची गाडी येईपर्यंत होतो, तसंच हे. आणि काही वेळा पुढची गाडी दोन महिन्यांनी असते.

काम चीनमध्ये करून घेत असाल (बहुतेकांचं तिथेच होतं), तर दोन सुट्ट्या भिंतीवर लिहून ठेवा. १ ऑक्टोबरपासूनचा साधारण आठवडा, आणि चिनी नववर्ष. नववर्षाची तारीख दरवर्षी हलते, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान. २०२६ चं १७ फेब्रुवारीला, २०२७ चं ६ फेब्रुवारीला. म्हणजे गेल्या वेळचं वेळापत्रक तसंच पुढे ढकललंत तर अकरा दिवस तिथेच गेले. शिवाय कारखाना त्याच दिवशी बंद होत नाही. कामगार लांबच्या गावी जातात, त्यामुळे आधीच्या दोन आठवड्यांत हात कमी होत जातात आणि नंतर पूर्ण जोर यायला आणखी काही आठवडे लागतात. सगळे परततही नाहीत. जुळवणीच्या टेबलावर नवे लोक बसलेले असतात. नववर्षानंतरच्या मालाची तपासणी म्हणूनच जास्त कडक ठेवावी, हे माझं पक्कं मत आहे.

२०२७ साठी उलटं मोजून बघू. माल २० जानेवारीच्या आसपास कारखान्यातून निघायला हवा. त्यामागे ६० दिवस म्हणजे २० नोव्हेंबरला शेवटची मंजुरी आणि पैसे जमा. दुरुस्त्यांना थोडी जागा सोडायची तर पीपीसी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुमच्या हातात हवी. म्हणजे ती बनायला सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागली पाहिजे, कारण मध्ये ऑक्टोबरची सुट्टी आहे. म्हणजे फाइल्स, खरोखर अंतिम फाइल्स, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आता मंजुरी २० नोव्हेंबरऐवजी १ डिसेंबरला दिली असं समजा. कागद छापून होतो, पंचिंगही (पुठ्ठ्यातून टोकन कापणं) कदाचित होतं, जुळवणी राहते. अर्धा गेम पॅलेटवर सुट्टी काढतो. माल निघतो मार्चच्या मध्यात किंवा शेवटी. अकरा दिवसांचे दोन महिने होतात ते असे. आणि नववर्षाआधी जहाजांवर जागा मिळवायची झुंबड असते, तेव्हा माल वेळेवर झाला तरी बुकिंग पुढे ढकललं जातं ते वेगळंच.

घाबरवायला सांगत नाहीये. हे गणित एकदा कागदावर मांडलं की पुष्कळ सोपं होतं, कारण मग कळतं की वर्षभरात खरे घातक दिवस मोजकेच आहेत. एप्रिलमध्ये आठवडा हुकला तर आभाळ कोसळत नाही. नोव्हेंबरमध्ये हुकला तर कोसळतं.

आता सल्ला देणाऱ्यांबद्दल. ‘जो वेळ वाटतो त्याच्या दुप्पट धर’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. उंटावरचे शहाणे. दुप्पट धरायचा तो कुठे? शेवटी धरलेला जादा महिना सगळ्यांना दिसतो आणि सगळेच तो खातात. चित्रकार आठ दिवस घेतो, संपादक आठ दिवस, भाषांतर करणारा दहा. जादा वेळ मी पीपीसी हातात येणं आणि मंजुरी देणं या दोहोंच्या मधे ठेवते आणि त्याचा उल्लेख कुणाकडे करत नाही. मार्गदर्शक निवडताना फार मोठ्या डिझायनरच्या मागे लागू नका. त्याने गेम घडवलाय, कंटेनर सोडवलेला नाही. ज्याचा गेम सात-आठ महिने रखडून शेवटी पोचला असा माणूस शोधा, आणि एक चांगला फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे माल पोचवायची व्यवस्था करणारा. माझं अर्धं शिक्षण फॉरवर्डरला बावळट प्रश्न विचारून झालंय.

पीपीसी फोटोवर किंवा व्हिडिओवर मंजूर करू नका. हा शॉर्टकट सगळ्यात गोड वाटतो, कुरिअरचा आठवडा वाचतो. दुसऱ्या आवृत्तीला एक वेळ चालेल, पहिल्या छपाईला अजिबात नाही. फोटोत रंग दिसतो, हाताला काय लागतं ते नाही. प्रत आली की मी पहिल्यांदा झाकण धरून खोका उचलते. खालचा भाग आपल्या वजनाने हळूहळू सुटला पाहिजे. लगेच धपकन पडला तर सैल, लटकून राहिला तर घट्ट. मग पत्त्यांची गड्डी पाठ वर करून पंख्यासारखी पसरते. कटिंगमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होणं सगळीकडे मान्य आहे, पण पत्त्याच्या पाठीवर बारीक पांढरी चौकट असेल तर तेवढंही डोळ्यात खुपतं आणि पत्ता ओळखू येतो. म्हणून ती बारीक चौकट डिझाइनमध्येच नको. टोकनची पुढची आणि मागची बाजू जुळते का ते पाहते. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली जांभळा आणि निळा खेळाडू वेगळे कळतात का ते पाहते. शेवटी पत्ते प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून सगळं परत ट्रेमध्ये भरते. झाकण दोन मिलिमीटर वर राहिलं, तर राहिलंच समजा. ट्रे बदलायला लागणारे दिवस आत्ता महाग वाटतात, पण हजारो खोके तसेच निघाले तर वाटेत दबून त्यांचे कोपरे फाटतील.

पत्त्यांचंच आणखी एक. साधारण पोकर मापाचे ५४ पत्ते एका शीटवर बसतात. आयत्या वेळी ‘एकच पत्ता वाढवू’ म्हणालात आणि १०८ चे १०९ झाले, तर एका पत्त्यासाठी आख्खी नवी शीट आणि बदललेलं कोटेशन. बदललेलं कोटेशन म्हणजे पुन्हा मंजुरी.

मिनिएचर असतील तर त्यांचे मोल्ड (साचे) सगळ्यात आधी सुरू करा, पत्त्यांवरचा मजकूर ठरलेला नसला तरी. स्टीलचा मोल्ड कापायलाच महिना-दीड महिना सहज जातो. त्यातून पहिले नमुने आले की लक्षात ठेवा: मोल्डमधलं लोखंड आणखी खोदता येतं, परत भरणं अवघड. म्हणून नमुन्यातली तलवार जाड करून मागणं सोपं, बारीक करून मागणं महागडं. शंका असेल तिथे सुरुवातीला बारीक ठेवा.

सुरक्षा चाचणी आणि खोक्यावरचा मजकूर याकडे लोक शेवटी बघतात. युरोपात १४ वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं ठरलं की ईएन ७१ च्या (खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकाच्या) चाचण्या आणि सीई खूण (युरोपीय नियम पाळल्याची खूण) आली. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची वस्तू असेल तर त्यांचे वेगळे नियम. वय छापताना हे डोक्यात असू द्या, पण नुसतं ‘१४+’ छापून पळवाट निघत नाही, गेम खरोखर त्या वयाचा दिसावा लागतो. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नवा सामान्य उत्पादन सुरक्षा नियमही लागू झालाय. तुमची कंपनी संघाबाहेरची असेल तर तिथल्या एका जबाबदार व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव-पत्ता मालासोबत द्यावा लागतो. खोका छापून झाल्यावर हे आठवलं, तर एकेका खोक्यावर स्टिकर चिकटवत बसा.

समुद्रावरचं तुमच्या हातात नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनरचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं आणि बंदरांचं वेळापत्रक त्यानंतर कितीतरी आठवडे विस्कटलेलं होतं. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा वाढीव आयातकर १४५ टक्क्यांपर्यंत नेला, मेमध्ये ३० वर आणला. माल तयार असूनही पाठवावा की थांबावं हे त्या दिवसांत भल्याभल्यांना ठरवता येईना. अशा वेळी स्वतःला दोष देत रात्र जागवू नका. एवढंच करा की कागदपत्रांमुळे घोडं अडायला नको. पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइसमधले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, नाहीतर कस्टम्स कंटेनर अडवून ठेवतं आणि बंदरात डेमरेजचं (कंटेनर पडून राहिल्याच्या दंडाचं) मीटर दिवसागणिक पळतं. विमानाने पाठवून वेळ भरून काढू, ही आशाही सोडा. जर्मनीतल्या एसेनच्या बोर्डगेम मेळ्यासाठी दोन-चार खोकी विमानाने नेली तर ठीक. अख्ख्या छपाईचं विमानभाडं काढून बघा, छपाईचाच खर्च लहान वाटायला लागेल.

बॅकरना, म्हणजे आगाऊ पैसे देणाऱ्यांना, काय सांगायचं? जे झालंय ते, फोटोसकट. ‘लवकरच’ हा शब्द विसरा. नवी तारीख खात्रीने माहीत नसेल तर गेम येण्याची तारीख देऊच नका, पुढची बातमी कधी देणार ती तारीख द्या आणि काही घडलं नसलं तरी त्या दिवशी लिहा. लोक उशीर सोसतात, शांतता सोसत नाहीत. पहिली शिवीगाळ वाचून आठवडाभर जेवण जात नाही, मग सवय होते. कारखान्यावर जाहीर खापर फोडू नका. पुढचा गेम तिथेच छापायचा असतो, आणि निम्म्या वेळा मंजुरी आपल्याकडेच अडलेली असते. बॅकरचे घरचे पत्ते मात्र लवकर गोठवू नका. माल जहाजावर चढेपर्यंत बदलू द्या, लोक घरं बदलतात.

आणि सुटे भाग छपाईच्या वेळीच मागा. शंभरामागे दोन-तीन जादा प्रती आणि वेगळे पंचबोर्ड (टोकन सोलून काढायचे पुठ्ठे), पत्त्यांच्या गड्ड्या, फासे. ज्याच्या खोक्यात बोर्डच आला नाही असा एक तरी निघतोच, आणि छपाई उरकल्यावर तुमच्यासाठी पन्नास बोर्ड कुणी मशीनवर चढवत नाही. तेव्हा एक अख्खा गेम फोडून त्यातला बोर्ड पाठवावा लागतो.