गेटवर माणूस अडवताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एका भाडेकरूच्या सासऱ्यांना वॉचमन मामांनी अर्धा तास गेटवर उभं केलं. कारण काय, तर त्या फ्लॅटचा मेंटेनन्स थकलेला. हुकूम कमिटीचा आणि कमिटीत मीही होतो. बोलणी मामांनी खाल्ली, चूक आमची होती.

वॉचमनला स्वतःचा काही अधिकार असतो, हा पहिला गैरसमज. जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या वतीनं तो नाही म्हणतो, एवढंच. बंगला असो की कारखाना, मालकानं नको म्हटलं की विषय संपला, कारण सांगायचीही गरज नाही. अपार्टमेंटचं तसं नाही. पाहुण्याला वर घ्यायचं की नाही, हे त्या घरानं ठरवायचं. थकबाकीला सहकार कायद्यात वसुलीची वाट आहे. गेटवर नाका बसवायचं काम नाही.

दुकान, हॉटेल, थिएटर यांचा प्रश्न आणखी वेगळा. ‘प्रवेशाचा हक्क राखून’ अशी पाटी लावली म्हणजे वाटेल त्याला हाकलता येतं असं अनेकांना वाटतं. पिऊन दंगा करणाऱ्याला, तिकीट नसलेल्याला खुशाल अडवा. पण राज्यघटनेच्या कलम 15(2) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान पाहून अशा ठिकाणी कुणाला अडवता येत नाही. ज्या गावात शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे, तिथं तरी हे समजवावं लागू नये.

तिसरी चूक हाताची. पिशवी दाखवत नसेल तर आत सोडू नका. ओढून उघडायची नाही. आधार कार्ड ठेवून घ्यायचं नाही, नाव-नंबर लिहिला की पुरे. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा डोळ्यांदेखत घडला, किंवा समोरचा कोर्टानं फरार घोषित केलेला गुन्हेगार असला, तरच साध्या नागरिकाला, म्हणजे वॉचमनलाही, माणूस पकडता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला 6 तासांच्या आत पोलिसांकडे द्यावंच लागतं. खोलीत कोंडून चोप दिलात तर केस तुमच्यावरच.

आणि अडवले गेलेले तुम्ही असाल तर मामांशी हुज्जत नको. “कुणी सांगितलंय?” एवढंच विचारा, ज्यांच्याकडे आलाय त्यांना तिथूनच फोन लावा. अंगावर आलं कुणी, तर 112.

आमच्याकडे आता गेटवर इंटरकॉम बसवलाय. थकबाकीची यादी मामांच्या टेबलावरून काढली. सासरे गेल्या महिन्यात परत आले होते, मामांना पेढे देऊन गेले; कमिटीला नाही.