बर्फातली वर्षं कशी मोजायची?

ध्रुवावरचा बर्फ कोल्हापुरात मिळत नाही, म्हणून हात सागावर बसवा. टिंबर मार्केटमधल्या एखाद्या वखारीत ओंडक्याची चार बोटं जाडीची चकती मागा. पॉलिश पेपरनं घासा, ओला हात फिरवा आणि भिंगातून बघा. मोठ्या छिद्रांची ओळ दिसली की नव्या वर्षाची वाढ सुरू झाली. दर दहाव्या वलयावर पेन्सिलीचा ठिपका द्या, नाहीतर मोजणी हमखास सांडते.

माझी वलयं ३४ भरली, भाचीची ३६. "मामा, मी दोनदा मोजलोय की!" पाऊस मध्येच दडी मारून परत आला तर साग कधीकधी एकाच वर्षात दोन वलयं काढतो. आमचं भांडण त्याच दोन बारक्या वलयांचं होतं. ते तूर्त राहू दे, कारण बर्फातही हेच भांडण आहे.

ग्रीनलंडच्या माथ्यावर वर्षाला साधारण २४ सेंटिमीटर बर्फ साठतो, दर वर्षाचा थर आधीच्या थरावर. पोकळ ड्रिलनं त्याचा दंडगोल, म्हणजे गाभा, वर काढतात आणि थंड खोलीत उभा चिरतात. (अशी प्रयोगशाळा वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात आहे. घाट उतरला की गोवाच.)

डोळ्यांना पट्टे दिसतीलच असं नाही. म्हणून गाभ्याच्या लांबीवर रसायनं मोजायची आणि सगळे आलेख एकाखाली एक लावायचे. समुद्री मिठातलं सोडियम हिवाळ्याच्या वादळांत वाढतं. आशियातल्या वाळवंटांची धूळ, आणि तिच्यासोबत कॅल्शियम, वसंतात येते. हायड्रोजन पेरॉक्साइड तयार व्हायला ऊन लागतं, त्यामुळे ते उन्हाळ्यात चढतं. जड ऑक्सिजनही (ऑक्सिजनचा जास्त वजनाचा प्रकार) उन्हाळ्याच्या बर्फात जास्त असतो, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका: वरच्या भुसभुशीत थरांतून वाफ फिरत राहते आणि जिथे बर्फ कमी पडतो तिथे त्याचे चढउतार पुसले जातात. सोडियम, मग धूळ, मग पेरॉक्साइड, असा फेरा पुरा झाला की एक वर्ष मांडा.

फेरा अर्धवट दिसला तर? मोडीत काढू नका, पुरा धरूही नका. अर्धं वर्ष मोजा आणि अर्ध्या वर्षाची चूक बाजूला लिहा. ग्रीनलंडच्या गाभ्यांची ६० हजार वर्षांपर्यंतची मोजणी याच नियमानं झाली.

आता पडताळा. आपल्याकडे कुणाला जुनी तारीख आठवेना, की "२००५ च्या पुराआधी की नंतर?" असं विचारतो. बर्फातले महापूर म्हणजे ज्वालामुखी. उद्रेकातलं सल्फ्युरिक आम्ल त्या किंवा पुढच्या वर्षीच्या थरात उतरतं आणि बर्फाची विद्युतवाहकता उसळी घेते. आइसलँडचा लाकी १७८३ चा, इंडोनेशियाचा तांबोरा १८१५ चा. तुमची मोजणी तिथे बसायलाच हवी.

त्याहून मागे गेलं की चूक साचते, आणि ती पकडली चक्क लाकडानं. इ. स. ७७४-७५ मध्ये पृथ्वीवर वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा, जबर मारा झाला. जपानी संशोधक फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याची खूण जपानी सिडरच्या वलयांत दाखवली. असे किरण हवेवर आदळले की बेरिलियम-१० हा अणू तयार होतो; त्याच माऱ्याचं बेरिलियम-१० ग्रीनलंडच्या बर्फातही सापडलं, पण मोजणीप्रमाणे तो थर ७६८ च्या सुमाराचा निघत होता. सात वर्षं जास्त मोजली गेली होती.

खोल गेल्यावर थर दाबून पातळ होतात, तेव्हा थांबायचं. पूर्व अंटार्क्टिकात डोम सी इथे तर वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर बर्फ. तिथल्या ८ लाख वर्षांच्या गाभ्याचं वय थर मोजून नाही, बर्फाच्या प्रवाहाचं गणित मांडून काढलं.

उत्तर लिहिताना चूक सोबत लिहा. हिमयुगानंतरचा सध्याचा उबदार काळ ग्रीनलंडच्या मोजणीत इ. स. २००० च्या ११,७०३ वर्षं आधी सुरू होतो, ९९ वर्षं इकडे-तिकडे. आमच्या चकतीमागेही आता पेन्सिलीनं लिहिलंय: ३५, एक इकडे-तिकडे. भाचीला अजून पटलेलं नाही.