बंदुकीच्या परवान्यात जुनी केस आडवी आली? या चुका टाळा

कलेक्टर कचेरीसमोर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. शेतात रानडुकरं घुसतात म्हणून बारा बोअरची बंदूक मागणारे शेतकरी येतात, सिक्युरिटीची नोकरी धरलेले निवृत्त फौजी येतात. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "आपल्यावर एकही केस नाही." मग पोलीस अहवाल उलटा आला की तेच गृहस्थ गृह शाखेच्या, म्हणजे कचेरीत परवान्याचं काम बघणाऱ्या शाखेच्या, कारकुनाशी भांडताना दिसतात.

तिथे भांडून उपयोग नाही, हीच पहिली चूक. गृह शाखा पोलिसांचं रेकॉर्ड बदलू शकत नाही. नोंद पोलीस स्टेशनची, अहवाल वर जातो एसपी ऑफिसमार्फत, दुरुस्तीही त्याच वाटेनं. (शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर सगळं तिथेच.)

दुसरी चूक मोबाईलवरच्या स्क्रीनशॉटची. बांधावरच्या मारामारीत एका शेतकऱ्याचं नाव 2011 साली आलं होतं. साक्षीदार फितूर झाले, माणूस निर्दोष सुटला. परवान्याच्या अहवालात मात्र 'गुन्हा न्यायप्रविष्ट'. गड्यानं ई-कोर्ट्स या कोर्टाच्या वेबसाइटवरचा 'निकाली' असा स्क्रीनशॉट काढला आणि पानटपरीवर प्रिंट मारून आणली. कुणी बघितलीही नाही. मग निकालाची प्रमाणित प्रत काढली, तरी काम अडलेलंच. दोन महिने हेलपाटे घालून तो माझ्याकडे आला. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. निकालात गुन्हा रजिस्टर नंबर 41/2011, अहवालात 14/2011. कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी आकडे उलटे केले होते, त्यामुळे कागदोपत्री गुन्हे दोन झाले: एकात सुटलेला, एकात अडकलेला!

निकालाची प्रत तिथे एकटी पुरणार नव्हती. दोषारोपपत्राच्या पहिल्या पानाची नक्कल काढली. त्यावर पोलिसांचा नंबर, कलमं, आरोपीचं वय आणि पत्ता एकत्र असतात. सोबत 14/2011 च्या फिर्यादीची प्रत लावली, तो निघाला मोटरसायकल चोरीचा गुन्हा, आरोपी तिसराच. अर्ज ठाणेदारांच्या नावे, प्रत एसपी ऑफिसला, दोन्हीकडे आवक शिक्का. सुधारित अहवाल गेला. तेव्हापासून माझा नियम आहे: अहवालातला नंबर आधी वहीत उतरवायचा, मग कोर्टाची पायरी चढायची. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नंबराशिवाय जाणारे संध्याकाळी रिकाम्या हातानं परत येतात, तरी रोज नवा कुणीतरी जातोच.

नाव आणि बापाचं नाव दोन्ही जुळणारी माणसं गावात असतात. तिथेही दोषारोपपत्राचं हेच पहिलं पान कामाला येतं.

आता चॅप्टर केस, म्हणजे शांतता बिघडू नये म्हणून आधीच केलेली कारवाई. निवडणुकीच्या आधी किंवा भावकीच्या भांडणात पोलीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली कारवाई करायचे (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 126), आणि लोक ती विसरून जातात. "ती काय केस आहे का?" केस नसेल, पण अर्जाच्या नमुन्यात शांततेसाठी बंधपत्र (शांतता राखण्याची लेखी हमी) देण्याचा आदेश झाला होता का, हे वेगळं विचारलेलं असतं. नुसती नोटीस येऊन प्रकरण संपलं असेल, तर बंधपत्राचा आदेशच झालेला नसतो. चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही, मुदतही वाढवली नाही, तर कार्यवाही आपोआप संपते. पण ही नोंद रजिस्टरमध्ये उघडीच पडून राहते. तहसील किंवा प्रांत कार्यालयातून प्रकरण निकाली निघाल्याची प्रत काढा. आदेश झाला असेल तर तारखेसकट लिहा. माहिती लपवून मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली रद्द होऊ शकतो.

बी समरी (फिर्याद खोटी असल्याचा पोलिसांचा अहवाल) मंजूर झाली असेल तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लावा, पोलिसांचं पत्र नको. नोकरीसाठी काढलेला चारित्र्य पडताळणीचा दाखला इथे दाखवू नका. अर्ज नाकारलाच तर कारणं लेखी मागा, कलम 14 मध्ये तशी तरतूद आहे. कलम 18 च्या अपिलाची मुदत रेकॉर्ड दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही, दोन्ही कामं एकदम चालवा.

आणि "ठाण्यात ओळख आहे, निरंक (एकही नोंद नाही असा दाखला) करून देतो" म्हणणारे एजंट! मागच्या दिवाळीत एकानं पाच हजार घेऊन निरंक आणून दिलं. त्यावर जावक क्रमांकच नव्हता. ते गिऱ्हाईक आता माझ्या टेबलाशी पहिल्यापासून अर्ज लिहून घेतंय, आणि त्यालाही घाईच आहे.