डिजिटल पियानो घेताय? डीलरकडे या चुका टाळा

"लास्ट किती?" हा प्रश्न मी दुकानात शिरल्याशिरल्याच विचारला, आणि तिथेच फसले. काउंटरमागच्या काकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला, एमआरपीतून पंधरा टक्के उडवून दाखवले आणि म्हणाले, "फक्त तुमच्यासाठी, मॅडम." मी खूश. रिक्षात बसून फोनवर बघितलं, तर तेच मॉडेल त्याच भावात जिथेतिथे मिळत होतं.

खोक्यावरची एमआरपी ही कमाल किंमत. सगळे कर त्यातच धरलेले असतात, त्यामुळे "वर जीएसटी लागेल" असं म्हणून कोणी एमआरपीच्या पुढे जात असेल तर सरळ नाही म्हणा. पण त्या किमतीला पियानो घेतं कोण? मोबाइलवाले ज्याला एमओपी म्हणतात, तसा एक बाजारभाव इथेही ठरलेला असतो आणि डीलर त्याच्या फार खाली उतरू शकत नाही. तेव्हा एमआरपीवर किती टक्के सुटले हे मोजत बसू नका. तीन ठिकाणचा भाव काढा, त्यातला सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवा आणि तिथून बोलायला सुरुवात करा. मुंबईत असाल तर धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांतून एक चक्कर मारली तरी अंदाज येतो.

नुसत्या पियानोचा भाव विचारणं

आमचं खरं नुकसान इथे होणार होतं. एका दुकानाने पियानोचे 41,500 सांगितले, दुसऱ्याने 43,000. दोन दिवस आम्ही पहिल्यावरच खूश होतो. मग त्याला सगळं कागदावर लिहून मागितलं. स्टँड 2,800, बाक 3,500, कव्हर 900, घरपोच 600. झाले 49,300. दुसऱ्याकडे जाऊन सांगितलं, "दादा, सगळं धरून, घरात लावून किती?" त्याने थोडं डोकं खाजवलं आणि 45,500 वर आला. सरळ 3,800 चा फरक, तोही आधी महाग वाटलेल्या दुकानात.

पियानोवर हजार-दोन हजार सोडताना डीलरचा जीव वरखाली होतो. बाक, कव्हर, हेडफोन यांवर मात्र तो सहज हात सैल सोडतो, कारण तिथे त्याचं मार्जिन बरं असतं. म्हणून घासाघीस तिथे करा. यामाहाच्या पी-45 किंवा पी-145 सारख्या मॉडेलच्या खोक्यात पियानो, अडॅप्टर, वही ठेवायची पट्टी आणि एक चपटं छोटं पेडल एवढंच निघतं. ते पेडल आपल्या टाइल्सवर पायाखालून पळतं. मुलगी दर दोन ओळींनंतर वाकून ते मागे ओढायची. घासाघीस करताना एक जड, खऱ्या पियानोसारखं पेडल पदरात पाडून घ्या. एक्स आकाराचा स्टँड फुकट मिळत असेल तर घ्या, पण त्यावर दोन्ही हात जोरात टाकून बघा. डुगडुगत असेल तर थोडे पैसे घालून त्याच मॉडेलचा लाकडी स्टँड घेतलेला बरा.

आणि जिने. अकरा-बारा किलोचा स्लॅब पियानो, म्हणजे स्टँडवर ठेवायचा नुसता कीबोर्डसारखा पियानो, आपणही उचलू. पण कपाटासारखी बॉडी असलेला पियानो चाळीस किलोच्या घरात जातो. "डिलिव्हरी फ्री" म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत की गेटपर्यंत, हे आधी विचारा.

"एखादा चांगला पियानो दाखवा"

असं म्हटलंत की गोडाऊनमध्ये जे पडून आहे तेच चांगलं ठरतं. क्लासच्या बाईंना विचारून दोन मॉडेल्स पक्की करून जा. पियानोच शिकायचा असेल तर 88 पट्ट्या आणि त्याही वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड हव्यात. "टच सेन्सिटिव्ह आहे की" हे त्याचं उत्तर नव्हे. पट्टी हलकीच असते, फक्त आवाज कमीजास्त होतो.

जुन्या मॉडेलला मात्र नाक मुरडू नका. 2023 मध्ये पी-45 ची जागा पी-145 ने घेतली, तरी एका वेळी वाजणाऱ्या सुरांची मर्यादा दोन्हींत 64 च. नवशिक्याला जुना सीलबंद पीस चांगल्या भावात मिळत असेल तर मी तरी डोळे झाकून घेईन. डिस्प्लेवरचा पीस मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा: आवाज शून्यावर न्या आणि 88 पट्ट्या एकेक करून दाबा. एखादी खटखटते किंवा सावकाश वर येते, ते आवाज बंद असतानाच कळतं. मग आवाज वाढवून पुन्हा तेच.

पैसे देताना

"बिल नको असेल तर आणखी दोन हजार कमी" या वाटेला जाऊच नका. वॉरंटीसाठी बिलच लागतं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि पियानोच्या पाठीमागच्या किंवा पोटाखालच्या स्टिकरशी तो जुळवा. परदेशातून परस्पर आणलेला पीस स्वस्त पडतो, पण इथल्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने हात वर केले तर त्याला बोलता येत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर रोखीचा भाव आधी काढा, ईएमआयचा विषय नंतर. व्याजाएवढी सूट पुष्कळदा तुमच्या डिस्काउंटमधूनच गेलेली असते. वर बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असतोच. यूपीआयने किंवा थेट खात्यात देणार असाल तर तेही बोलून दाखवा. कार्ड-मशीनचा खर्च वाचला की काकांचा चेहरा जरा मऊ होतो.

घरी आल्यावर "बिघडलाय" म्हणण्याआधी

आठवड्याभरात आमचं पेडल उलटं चालायला लागलं. पाय ठेवला की सूर तुटायचा, उचलला की लांबायचा. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "पेडल गेलं, नवीन घ्या." गेलंबिलं काही नव्हतं. पेडलवर पाय असताना पियानो चालू केला की तो उलट समज करून घेतो. बंद केला, पाय बाजूला घेतला, पुन्हा चालू केला, झालं काम.

दुसरी तक्रार, तो मध्येच आपोआप बंद होतो. यामाहाच्या या मॉडेलांत अर्धा तास हात लावला नाही की वीज वाचवायला ते तसं होतं. नको असेल तर सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून पियानो चालू करायचा. आणि हेडफोन लागत नसेल तर भोक जाड पिनेचं आहे. त्याचा कन्व्हर्टर शंभर-दीडशेला मिळतो. आम्ही तो मागायचा विसरलो, तुम्ही बाकाबरोबर फुकटात मागून घ्या.