उन्हाळ्यात लेकराला परसातला मेवा देताय? या चुका टाळा

माझी लेक चौदा महिन्यांची असताना आम्ही मे महिन्यात माझ्या माहेरी, रत्नागिरीजवळच्या गावी गेलो होतो. परसात रायवळ आंबा, मागच्या अंगाला फणस, खाली वहाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, रातांबे (कोकमाची फळं). पहिल्याच दुपारी आईने कौतुकाने नातीच्या हातात एक पिकलेला रायवळ दिला. लेक देठाकडून मनसोक्त चोखत बसली. संध्याकाळी बघते तर ओठांभोवती लाल चट्टे आणि हनुवटी खाजवून खाजवून सोलवटलेली. घरात लगेच ठरलं, "हिला आंबा उष्ण पडतो, देऊ नका."

खरं तर आंब्याचा गर निर्दोष होता. त्रास दिला तो चिकाने. देठाशी आणि सालीत असलेला हा चीक मोठ्यांच्या ओठांनाही चरचरतो, मग लहान मुलाच्या कातडीचं काय? चट्टे पूर्ण गेल्यावर आम्ही पुन्हा आंबा दिला, पण नीट. देठाकडचा भाग जाडसर कापून टाकला, आंबा उलटा धरून चीक निथळू दिला, अर्धा तास पाण्यात ठेवला, खळखळून धुतला, साल काढली आणि गराचे दोन चमचे दिले. काही झालं नाही. महिनाभर ती रोज आंबा खात होती.

एक फरक मात्र नीट ओळखा. चट्टे फक्त रस किंवा साल लागली तिथेच असतील, तर बहुतेक वेळा ते चिकाचं काम असतं. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, उलट्या सुरू झाल्या किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर ती ॲलर्जी समजून ताबडतोब डॉक्टरांकडे जा. म्हणूनच नवीन फळ सकाळी द्यावं आणि एका वेळी एकच. गावी पोचल्या दिवशी आंबा, फणस, जांभूळ सगळंच चाखवलं, तर अंगावर काही उठल्यावर दोष कुणाला देणार?

आकार चुकतो, ही सर्वांत धोक्याची चूक

ताडगोळा मऊ असतो, म्हणून लोक बिनधास्त अख्खा देतात. पण तो गोल आहे, गुळगुळीत आहे आणि लेकराच्या घशात बुचासारखा बसू शकतो. फणसाचा गरा, जांभूळ, करवंद, द्राक्ष यांचंही तेच. ताडगोळा सोलून, चिरून, चमच्याने चेचून द्या. जांभळाची बी काढा आणि गर कुस्करा. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. आडवं कापलं तर गोल चकती तशीच राहते. कलिंगडाच्या बिया काढा. अख्खे शेंगदाणे आणि काजू पाच वर्षांपर्यंत नकोतच. ओल्या काजूगराची भाजी घरात होणारच, पण लेकराच्या वाटीत तो वाटूनच घाला.

मी एक साधी पारख ठेवली आहे: फोड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायची, ती सहज चेचली गेली तरच द्यायची. कापा फणस या परीक्षेत नापास होतो. बरका मऊ असला तरी तंतुमय आणि बुळबुळीत असतो, म्हणून त्याचा रस काढून तांदळाच्या रव्यात घालते आणि इडलीसारखी वाफवलेली सांदणं करते. फणस मुळात इतका गोड असतो की लेकराच्या सांदणात गूळ लागतच नाही.

मूल बसून खाऊ दे, अंगणात पळताना किंवा गाडीत नको. ठसका लागून आवाजासकट खोकत असेल, तर त्याला खोकू द्या, पाठीशी राहा. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर घास अडकला आहे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, घास आणखी आत जातो. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा आणि कुणाला तरी मदतीसाठी धाडा. वर्षाच्या आतल्या बाळाला आणि वर्षावरच्या मुलाला करायचे पुढचे उपाय वेगळे आहेत. गावी निघण्याआधी ते आपल्या डॉक्टरांकडून हाताने करून बघून शिका.

गोड करणं, खारट करणं

"आंबट लागेल गं तिला, थोडी साखर घाल," असं आई प्रेमानेच म्हणते. पण दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ घालायचं कारण नाही, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही. कैरीला लेकराने तोंड वेडंवाकडं केलं, म्हणजे तिला ती आवडली नाही असं नव्हे. आंबट म्हणजे काय ते ती शिकते आहे. रस गाळून पेल्याने पाजण्यापेक्षा फळ कुस्करून द्या. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालच्या मुलांना फळांचे रस नको असंच सांगते.

सोलकढीत चूक होते ती आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची. आगळात भरपूर मीठ असतं, आमसुलांनाही मिठाची पुटं दिलेली असतात. झाडावर रातांबे असतील तर ताज्या सालीच पाण्यात कुस्करा, त्यात नारळाचं दूध घाला, मिरची-लसूण नको. गुलाबी रंगावरच मुलं खूश होतात.

"घरचं आहे, त्याला काय होतंय?"

घरच्या मातीलाही जंतू असतात. कुंडीतला माठ, पुदिना, टोमॅटो वाहत्या पाण्यात धुवाच, आणि ताजं शेण घातलेल्या वाफ्यातलं काही लेकराला कच्चं देऊ नका. खरबुजाची साल चिरण्याआधी धुवा, नाहीतर सुरीबरोबर वरची घाण आत जाते. काकडी आणि दुधी दोन्ही टोकांकडून आधी स्वतः चाखा. उन्हात पाणी कमी पडलेल्या वेलाची काकडी बरेचदा कडू निघते. कडू दुधी तर विषारी असतो आणि शिजवूनही तो कडूपणा जात नाही. जीव हळहळला तरी फेकून द्या.

बाजारातून घेणार असाल तर हंगामाची वाट बघा. कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, तरी घाईचा आंबा बाहेरून पिवळा आणि आत आंबट निघतोच.

नको म्हणालं, की सोडून देणं

नवीन चव आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. जबरदस्ती न करता, भूक असेल तेव्हा, चिमूटभर. भर दुपारी उकाड्याने मुलं जेवतच नाहीत. सकाळी आठच्या आत आणि ऊन उतरल्यावर बघा. दिवसभर दुधाची बाटली चालू असेल, तर भूक लागायची कशी? वर्षानंतर दूध अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा.

कलिंगड किंवा टोमॅटो खाल्ल्यावर शीमध्ये लालसर तुकडे दिसले, तर घाबरू नका. आंबा जास्त झाला तर एक-दोनदा पातळ होते; आंबा थांबवा, पेज आणि ताक द्या, अंगावर पीत असेल तर पाजत राहा. जुलाब वाढले तर ओआरएस सुरू करा. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, असं असेल तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.